कमिन्स ५.९ बारा व्हॉल्व्ह : कॅम बदलायचा आहे, सोबत कोणकोणते भाग घ्यावेत?

सावदा_दहाटायरी

राम राम मंडळी.

गाडी टाटा २५१५, इंजिन कमिन्स ६बीटी ५.९ लिटर, बारा व्हॉल्व्ह, इनलाइन पंप. सावदा-रावेर पट्ट्यातून केळी भरून उत्तरेला जाते. चोपडा, शिरपूर, सेंधवा असा रस्ता, म्हणजे बिजासन घाट आलाच. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) बसवलेला आहे आणि उतारावर तो भरपूर वापरला जातो.

तक्रार अशी की चार नंबर सिलेंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप, सारखं सैल होतं. ०.५१ मिमीला लावलं की काही दिवसांनी परत टकटक. लॉकनट घट्ट, स्क्रूवर मारलेली रंगाची खूण जागेवर, तरी गॅप वाढलेला. भरल्या गाडीला चढावर इनटेकमधून फटफट आवाज येतो आणि धूर वाढलाय. नोझल तपासून झाले, ठीक आहेत.

कॅमवरचा उंचवटा म्हणजे लोब टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. झाकणं काढून रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकावर डायल गेज लावला आणि बाराही लोबची उचल मोजली. इनलेटचे सहाही एकमेकांशी ०.०५ मिमीच्या आत जुळतात. एक्झॉस्टचे चार जुळतात. चार नंबर ०.९ मिमीने कमी, सहा नंबर ०.४ मिमीने कमी. म्हणजे लोब खाल्लेत यात शंका नाही, कॅम बदलायचाच आहे.

आता प्रश्न :
- टॅपेट बाराही नवे घ्यायचे, की ज्या दोन लोबचं नुकसान झालंय त्यांचेच?
- स्प्रिंग कडक टाकाव्यात का? एक्झॉस्ट ब्रेकवाल्या गाडीला कडक स्प्रिंग लागते असं सगळीकडे ऐकू येतं.
- पुशरॉड आणि रॉकरचं काय करायचं?
- एका ठिकाणी जुनाच कॅम ग्राइंड करून थोडा ‘हाय लिफ्ट’ करून देतो, अ‍ॅव्हरेज वाढेल असं सांगताहेत. त्यात काही अर्थ आहे का?

---

फिटर_धुळे

भाऊ, आधी मोजून मग विचारलंत, निम्मं काम तिथेच झालं. लॉकनट जागेवर असून गॅप वाढतोय म्हटल्यावर झीज लोब, टॅपेटचं तोंड, पुशरॉडचा गोळा किंवा रॉकरचा पॅड यांपैकी कुठेतरी आहे. उचल ०.९ ने कमी आली म्हणजे लोबच गेला.

टॅपेट बाराच्या बारा नवे. यात घासाघीस नको.

कारण नीट समजून घ्या. हे सपाट तोंडाचे टॅपेट दिसायला सपाट असतात, पण नव्या टॅपेटचं तोंड मधे केसभर फुगीर असतं आणि कॅमचा लोबही एका बाजूला किंचित उतरता घासलेला असतो. त्या दोन्हीमुळे लोब फिरताना टॅपेटही स्वतःभोवती हळूहळू फिरतो. फिरतो म्हणून त्याच्या तोंडावर दर वेळी नवी जागा घासली जाते. जुन्या टॅपेटचं तोंड सपाट किंवा खोलगट झालं की तो फिरायचा थांबतो, लोबचं नाक एकाच रेषेवर घासत राहतं आणि मग दोन्ही एकमेकांना खातात. जुना टॅपेट नव्या कॅमवर टाकला तर नवा लोबही त्याच वाटेने जातो, आणि फार वेळ घेत नाही.

तपासायची सोपी रीत : दोन टॅपेट तोंडाला तोंड लावून उजेडासमोर धरा. चांगले असतील तर एकमेकांवर जरासे डुलतात आणि कडेला उजेड दिसतो. कडा टेकून मधून उजेड येत असेल तर दोन्हीपैकी एक तरी खोलगट झालाय. तुमच्या इनलेटच्या टॅपेटचीही ही परीक्षा करून बघा, पण ती फक्त समजून घेण्यासाठी. नव्या कॅमवर त्यांतला एकही जाणार नाही.

उलट बाजूही सांगतो. कॅम जुनाच ठेवायचा असता, तर प्रत्येक टॅपेट त्याच्या त्याच लोबवर परत गेला पाहिजे. एक ते बारा खोके करून त्यांत ठेवायचे, एकात एक मिसळायचे नाहीत.

ग्राइंडिंगचा नाद सोडा. लोबचा वरचा थर कडक केलेला असतो. ०.९ मिमीचा खड्डा घालवायला सगळा लोब त्याहून जास्त घासावा लागतो आणि तेवढ्यात कडक थर संपून जातो. खाली मऊ लोखंड उरतं, ते भरल्या गाडीला टिकत नाही. शिवाय पायाचा गोल (लोबचा उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान झाला की टॅपेट तेवढा खाली बसतो, अ‍ॅडजस्टिंग स्क्रू तेवढा खाली उतरवावा लागतो आणि रॉकरचा कोन बदलतो. मग रॉकरचा पॅड स्टेमच्या (व्हॉल्व्हच्या दांडीच्या) मधे न दाबता कडेला दाबतो आणि गाइड (स्टेम सरकते ते भोक) एका बाजूने झिजतं. मेटल भरून घासून देणारेही आहेत, पण भरलेल्या जागेची कडकपणाची तपासणी कोणी दाखवत नाही. नवा कॅम घ्या.

---

सुटेभाग_जळगाव

नवा कॅम मागताना ‘कमिन्स ५.९ चा कॅम’ एवढंच सांगून ऑर्डर देऊ नका. इंजिनाच्या डेटा प्लेटवर सीपीएल (कंट्रोल पार्ट्स लिस्ट) नंबर असतो. त्याचा आणि इंजिनच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून पाठवा आणि पार्ट नंबर त्यावरूनच काढून घ्या. एकाच ५.९ मध्ये पंपाचा प्रकार, उत्सर्जनाचा टप्पा आणि टर्बो-इंटरकूलरची जोडी बदलली की कॅम बदलू शकतो. बाहेरून दोन्ही कॅम भावासारखे दिसतात.

हातात घेतल्यावर जुन्याशेजारी ठेवून या गोष्टी जुळवा : जर्नलची (कॅम ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो त्या गोल भागांची) संख्या आणि व्यास, फीड पंपाचा लोब आहे की नाही, गिअरच्या चावीची खाच कुठे आहे, थ्रस्ट प्लेट (कॅमला पुढे-मागे सरकू न देणारी) बसते ती खाच किती रुंद आहे. मायक्रोमीटरशिवाय कॅम ताब्यात घेऊ नका.

कॅम आणि टॅपेट शक्यतो एकाच बनावटीचे घ्या. टॅपेटचं लोखंड आणि लोबचं लोखंड एकमेकांना मानवणारं असावं लागतं. बनवणाऱ्याने ते जुळवलेलं असतं. एकाचा कॅम, दुसऱ्याचे टॅपेट असं केलं तर दोन्ही भाग चांगले असूनही जोडी बिघडू शकते. नव्या कॅमवर काळसर थर दिसेल, तो फॉस्फेटचा असतो आणि तेल धरून ठेवतो. चकचकीत करायच्या हौसेने तो पॉलिश पेपरने घासू नका.

माझी यादी : कॅम, १२ टॅपेट, पुढचा कॅम बुश, थ्रस्ट प्लेट (खरवडलेली असेल तर), फ्रंट ऑइल सील, टायमिंग कव्हरचं पॅकिंग, सहा व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग, स्टेम सील १२, ऑइल फिल्टर दोन. दोन का, ते खाली कोणीतरी सांगेलच. पुशरॉड आणि स्प्रिंग तपासून मगच मागवा, आधी नको.

आणखी एक. स्वस्त टॅपेटचं खोकं आलं तर बाराही टॅपेट काचेवर उलटे ठेवून तोंडं बघा. काहींचं तोंड अगदी सपाट घासलेलं असतं, फुगवटा नसतोच. असा माल परत करा.

---

हेडवर्क_भुसावळ

स्प्रिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एक्झॉस्टचेच लोब का गेले याचं उत्तर मला तिथेच दिसतं.

एक्झॉस्ट ब्रेक लावला की मॅनिफोल्डमध्ये दाब तुंबतो. तो दाब बंद असलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मागून ढकलतो. त्या वेळी जो सिलेंडर सक्शनला आहे त्याच्या आत दाब कमी असतो, म्हणून व्हॉल्व्हला मागचा धक्का पुरा लागतो. हिशोब करून बघा : व्हॉल्व्हच्या डोक्याचं क्षेत्रफळ १३ चौरस सेंमी धरलं आणि दाब प्रत्येक चौरस सेंमीला ४ किलो धरला, तर ५२ किलोचा धक्का झाला. स्प्रिंगचा बसल्या जागेवरचा दाब त्याहून कमी पडला की व्हॉल्व्ह अवेळी उघडतो आणि मग आदळून बंद होतो. एरवी कॅमचा उतार त्याला अलगद सीटवर बसवतो, इथे तो उतार नसतो. त्याच वेळी पुशरॉड आणि टॅपेट मोकळे होतात, उडतात आणि लोबवर आपटतात. रोज घाटात हे चाललं की लोबवर आधी बारीक खळगे, मग पापुद्रे आणि शेवटी तुमच्या चार नंबरसारखी अवस्था.

म्हणून पहिला प्रश्न ‘कडक स्प्रिंग टाकू का’ हा नाहीच. आहे ती स्प्रिंग तिच्या मापात उरली आहे का, हे आधी बघायचं. बाराही स्प्रिंग काढा, नव्या एका स्प्रिंगशेजारी सपाट फरशीवर उभ्या करा. लांबी कमी झालेली डोळ्याला दिसते. मग गुण्या लावून फिरवा, वरचं टोक गुण्यापासून सुटत असेल तर स्प्रिंग वाकडी आहे आणि ती स्टेमला एका अंगाने ओढते. शेवटी स्प्रिंग टेस्टरवर बसवलेल्या उंचीला किती दाब देते ते मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. टेस्टर नसेल तर हेडच्या कामाच्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये असतो.

दुसरी गोष्ट, ब्रेकचा दाब मोजा. मॅनिफोल्डला प्रेशर गेज लावून पूर्ण आरपीएमला बटरफ्लाय (ब्रेकची धूर अडवणारी पाती) बंद करून आकडा घ्या. पातीला एक भोक किंवा कडेला ठरावीक फट सोडलेली असते, दाबाची मर्यादा तीच ठरवते. ब्रेक ‘जोरात लागावा’ म्हणून ते भोक वेल्डिंगने बुजवलेलं असेल तर कुठलीही स्प्रिंग टाका, व्हॉल्व्ह उघडणारच.

कडक स्प्रिंग. याच इंजिनासाठी अमेरिकेत ‘६० पौंडी’ म्हणून स्प्रिंग मिळतात. तो आकडा स्प्रिंगच्या ताकदीचा नाही, ६० पीएसआय मागच्या दाबापर्यंत व्हॉल्व्ह धरून ठेवते म्हणून ते नाव. तिकडे हेच इंजिन असलेल्या डॉज पिकअपवाल्यांसाठी आहेत, जास्त दाबाचा ब्रेक किंवा जास्त आरपीएम असेल तेव्हा. आपल्याकडे इंजिन २५०० ला गव्हर्न केलेलं, ब्रेक कंपनीच्या मापाचा. मूळ मापाची नवी स्प्रिंग पुरते. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग टाकली की लोबच्या नाकावरचा भार वाढतो, आणि तोही कमी आरपीएमला सगळ्यात जास्त. आरपीएम वाढले की नाकावर असताना व्हॉल्व्हगिअरचं वजन वरच्या दिशेला झोकांडतं आणि भार थोडा हलका होतो. आयडलला तो आधार नसतो, स्प्रिंगचा सगळा दाब नाकावर. गाडी चालू ठेवून तास-तासभर उभी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तरीही ब्रेकचा दाब मोजून जास्तच निघाला आणि मालकाला तो तसाच हवा असेल, तर फक्त सहा एक्झॉस्टला वरच्या दर्जाच्या स्प्रिंग टाका. तेव्हा दोन गोष्टी मोजायच्या : पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये एकूण १.५ मिमी तरी मोकळी जागा उरते का, आणि वरच्या कॅपचं बूड स्टेम सीलपासून तेवढंच लांब राहतं का.

‘हाय लिफ्ट’ बद्दल : डिझेलमध्ये टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात फार कमी जागा असते. हेड एकदा-दोनदा फेसिंग झालेलं असेल तर आणखी कमी. भरल्या गाडीचं काम १४०० ते २००० आरपीएममध्ये चालतं, तिथे मूळ कॅमच योग्य आहे. अ‍ॅव्हरेज नोझल, टर्बो, एअर फिल्टर, टायरची हवा आणि गिअर टाकायची सवय यांतून मिळतं. कॅमच्या नाकातून नाही.

रॉकर : पॅडवर बोट फिरवा. स्टेमने पाडलेली वाटी हाताला लागली तर तोच तुमचा खोटा गॅप. फिलरचं (गॅप मोजायच्या गेजचं) पान त्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकतं, खाली पोकळी राहते; पानाला ०.५१ लागतो आणि खरा गॅप त्याहून मोठा असतो. टकटक जात नाही म्हणून मग मिस्त्री टॅपेट अजून घट्ट करतो. असा रॉकर बदला. पॅड घासून सपाट करायचा असेल तर मूळ वळण राखून घासणारा कारागीर पाहिजे, हँड ग्राइंडरचं हे काम नाही. बुश आणि शाफ्टमधली ढिलाई आणि तेलाचं भोक उघडं आहे का, तेही बघा. या इंजिनात रॉकरला तेल हेडमधून पेडेस्टलमार्गे (रॉकरच्या आधारातून) येतं. भोक कचऱ्याने बुजलं की त्याच सिलेंडरचा रॉकर सुका पडतो.

---

तापीकाठ

सगळं पटलं. पण टॅपेट खालून घातलेले असतात ना यात? छत्रीसारखं रुंद तोंड खाली, म्हणजे वरून निघणार नाहीत. मग चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), क्रँक सगळं उतरवायचं का? गाडीवर असतानाच होतं का हे काम?

---

फिटर_धुळे

होतं. इंजिन न उतरवता होतं, चेंबर न काढताही होतं. क्रम लिहितो, घाई करू नका.

रेडिएटर, इंटरकूलर, फॅन, क्रँक पुली, टायमिंग कव्हर काढा. कॅम सरळ पुढे ओढायचा आहे, तेव्हा समोर कॅमच्या लांबीएवढी जागा आहे का ते आधी बघा. क्रॉस मेंबर आडवा येत असेल तर माउंटिंग सैल करून इंजिन जॅकवर थोडं उचलावं लागतं.

काही उघडण्याआधी एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणा. गिअर हाउसिंगच्या मागच्या अंगाला टायमिंग पिन असते, ती कॅम गिअरच्या भोकात शिरते. पिन शिरली की टीडीसी पक्का. पण त्यानंतर क्रँक फिरवण्याआधी ती आठवणीने बाहेर ओढा, नाहीतर मोडून गिअरमध्ये पडते. क्रँक आणि कॅम गिअरच्या खुणा समोरासमोर आहेत का बघून फोटो काढा. इंजेक्शन पंपाचा गिअरही कॅम गिअरवरच चालतो, म्हणून पंप त्याच्या स्वतःच्या पिनने लॉक करा, म्हणजे नंतर टायमिंग शोधत बसावं लागत नाही. फीड पंप ब्लॉकवर असून कॅमवरून चालत असेल तर तोही आधी काढा.

आता रॉकर. इथे लोक फसतात. प्रत्येक पेडेस्टलमधून जाणारा लांब बोल्ट हा हेडचाच बोल्ट आहे. रॉकर काढले म्हणजे हेडचे २६ पैकी ६ बोल्ट सुटले. परत बसवताना ‘रॉकरचाच बोल्ट आहे’ म्हणून अंदाजाने आवळला तर थोड्याच दिवसांत गॅस्केट पाणी सोडतं. लांब बोल्टला तेल लावून आधी ९० न्यूटन मीटर, मग १२०, मग आणखी ९० अंश. पेडेस्टलचा छोटा ८ मिमीचा बोल्ट २४ न्यूटन मीटर, अ‍ॅडजस्टिंग स्क्रूचा लॉकनटही २४. बोल्ट ताणले गेलेत का ते गेजने लांबी बघून ठरवा. पाना टॉर्कचाच हवा.

पुशरॉड काढून क्रमाने ठेवा. टॅपेटच्या पोटात घट्ट बसतील अशा १२ लाकडी दांड्या तासून घ्या. पुशरॉडच्या भोकातून दांडी टॅपेटमध्ये ठोकून बसवा, टॅपेट वर ओढा आणि दोन-दोन दांड्या वर रबराने बांधून ठेवा. रबर म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे चालतात. बाराही वर लटकले की थ्रस्ट प्लेटचे दोन बोल्ट काढून कॅम फिरवत फिरवत बाहेर घ्या. लोबच्या कडा जर्नलच्या भोकांना लागू देऊ नका.

टॅपेट काढायला नळी लागते. ५० मिमीचा पीव्हीसी पाइप कॅमपेक्षा वीतभर लांब घ्या, उभा चिरून पन्हळ करा आणि आतलं टोक बंद करा. जळगाव जिल्ह्यात पाइपाचा तुकडा शोधायला लांब जावं लागत नाही. पाइप भोकांतून सहज सरकतो का, आधी बघा. पन्हळ कॅमच्या भोकात घाला, एका टॅपेटची दांडी सोडा, टॅपेट पन्हळीत पडतो, पन्हळ बाहेर ओढा. एका वेळी एकच. नवा घालताना पुशरॉडच्या भोकातून मजबूत दोरी सोडून पन्हळीसोबत पुढे आणा, तिच्या टोकाला टॅपेटच्या पोटात अडकेल असा आकडा लावा, टॅपेटला तेल लावून पन्हळीतून आत सरकवा आणि दोरीने वर ओढून भोकात बसवा. बसला की पन्हळ अर्धा फेरा फिरवा, म्हणजे तिची पाठ त्याला खालून धरते. मग दोरी काढून दांडी बसवा आणि पुढच्याकडे वळा.

कॅमच्या भोकांपैकी पुढच्यालाच बुश असतो, बाकीचे जर्नल ब्लॉकच्या लोखंडातच फिरतात. पुढचा नवा बुश ठोकताना तेलाचं भोक जुळलंच पाहिजे. ठोकून झाल्यावर तारेने आरपार बघा. मागची भोकं झिजली असतील तर नवा कॅम टाकूनही तेलाचा दाब येणार नाही, तेव्हा ती गेजने मोजून घ्या.

कॅम गिअर आवळ बसतो. १२० अंश सेल्सियसला पाऊण तास ओव्हनमध्ये तापवा आणि चावी जुळवून एका दमात खांद्याला टेकेपर्यंत सरकवा. गॅसच्या फ्लेमने तापवलात तर दातांचा कडकपणा गेला समजा. खुणेची बाजू पुढे. थंड झाल्यावर गिअर आणि खांद्यामध्ये फिलरचं सर्वांत पातळ पानही शिरता कामा नये. थ्रस्ट प्लेट बोल्ट २४ न्यूटन मीटर.

आणि टायमिंग कव्हर उघडलंच आहे तर गिअर हाउसिंगची डॉवेल पिन बघा. ती थरथरीने पुढे सरकत येते आणि पडली तर गिअरच्या दातांत जाते. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी देऊन तिचं तोंड अडवून टाका.

---

सावदा_दहाटायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे उघडून तपासलं, निकाल असे :

एक्झॉस्टच्या सहाही स्प्रिंग नव्या नमुन्यापेक्षा अडीच ते तीन मिमी बुटक्या. इनलेटच्या ठीक. ब्रेकच्या बटरफ्लायचं भोक कोणीतरी वेल्डिंग करून बुजवलेलं निघालं. चार आणि सहा नंबरच्या एक्झॉस्ट रॉकरच्या पॅडला नखात अडकेल एवढी वाटी आहे. पुशरॉड काचेवर लोळवले, सगळे सरळ, पण चार नंबर एक्झॉस्टच्या गोळ्याला चपटी चकाकी आली आहे. चारचा टॅपेट खोलगट आणि कडेला तुकडा उडालेला. सहाचा भोकात अडकत होता, जोर लावल्यावर खाली आला. चेंबरच्या ड्रेन प्लगला चिकटलेला भुगाही आहे.

नवीन कॅम आणि टॅपेट आले, तोंडं काचेवर बघितली, फुगवटा आहे. सहा नंबरच्या भोकाला रीमर मारावा का? आणि पहिल्यांदा इंजिन चालू करताना काय काळजी घ्यायची?

---

हेडवर्क_भुसावळ

मग कोडं सुटलं. बुजवलेलं भोक मूळ मापाने पाडून घ्या आणि गेज लावून दाब बघा. एक्झॉस्टच्या सहाही स्प्रिंग मूळ मापाच्याच नव्या घ्या, कडक नको. व्हॉल्व्ह आदळत होते तेव्हा हेड उतरवून सीट बघितलंच पाहिजे, निदान चार आणि सहाचं. या इंजिनात इनलेट सीट ३० अंश, एक्झॉस्ट ४५. कटर बदलताना गल्लत करू नका. गाइड मूळचं हेडमध्येच पाडलेलं असतं, वेगळं नसतं. ढिलं झालं असेल तर बुश टाकून मापात आणावं लागेल. व्हॉल्व्ह लॉक बारा जोड्या नवे घ्या, आदळणाऱ्या व्हॉल्व्हचे जुने लॉक परत वापरू नका.

दोन्ही रॉकर आणि चारचा पुशरॉड बदला. झिजलेला गोळा नव्या टॅपेटच्या वाटीत नीट बसत नाही, आणि टॅपेटचं फिरणं तिथूनही अडतं.

---

फिटर_धुळे

सहाच्या भोकाला रीमर नको. टॅपेट अडकला तो बहुतेक स्वतःच्या कडेला आलेल्या धारेमुळे किंवा भोकात जमलेल्या लाखेसारख्या थरामुळे. डिझेल आणि नायलॉन ब्रशने भोक साफ करा, उजेड टाकून ओरखडा आहे का बघा. नवा टॅपेट तेल लावून पन्हळीतून वर ओढा आणि दोरी सैल सोडा. स्वतःच्या वजनाने अलगद खाली आला आणि बोटाने सहज फिरला तर भोक ठीक. अडखळला तर मात्र होनिंगवाल्याला दाखवा.

भुगा निघाला आहे, म्हणजे चेंबर उतरवाच. ऑइल पंपाची जाळी धुवा, बेअरिंगचे एक-दोन कॅप उघडून शेल बघा, ऑइल कूलर साफ करून घ्या. लोबचा भुगा सगळीकडे गेलेला असतो.

बसवताना लोब आणि टॅपेटच्या तोंडाला मॉलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट, जर्नलला साधं इंजिन ऑइल. गॅप थंड इंजिनवर : इनलेट ०.२५, एक्झॉस्ट ०.५१. एक नंबर टीडीसीला असताना १ चे दोन्ही, २ इनलेट, ३ एक्झॉस्ट, ४ इनलेट, ५ एक्झॉस्ट. क्रँक पुरा एक फेरा फिरवून उरलेले : २ एक्झॉस्ट, ३ इनलेट, ४ एक्झॉस्ट, ५ इनलेट, ६ चे दोन्ही.

झाकणं लावण्याआधी प्रत्येक पुशरॉडवर मार्करने एक उभी रेघ मारा. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडं फिरवा आणि रेघा बघा. बाराही रेघा हळूहळू सरकल्या पाहिजेत. जी रेघ जागेवर राहते तो टॅपेट फिरत नाही. तसाच चालू केलात तर तो लोब गेला. याच वेळी ऑइल प्रेशर गेजवर दाब येईपर्यंत थांबत थांबत फिरवा, स्टार्टर तापू देऊ नका. टर्बोच्या तेलाच्या पाइपातही आधी तेल ओता.

सुरू व्हायला इंजिनाने वेळ लावता कामा नये, म्हणून डिझेलची हवा आधीच पूर्ण काढा. चालू झालं आणि दाब आला की लगेच १५०० वर न्या आणि २० मिनिटं १५०० ते २००० मध्ये वर-खाली ठेवा. आयडलला सोडू नका. लोबवर तेल क्रँकच्या उडवण्याने पडतं आणि आयडलला ते कमी पडतं. पाणी गळलं किंवा वेगळा आवाज आला तर आयडलवर बघत बसू नका, सरळ बंद करा.

मग तेल काढा, फिल्टर बदला. दुसरा फिल्टर यासाठीच. काढलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडा : काळसर पेस्ट दिसली तर ती मॉलीची, घाबरू नका. चमकणारे पापुद्रे दिसले तर परत झाकणं काढून उचल मोजावी लागेल. तेल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस, सीलबंद डब्यातलं.

पहिल्या १००० किमीनंतर थंड इंजिनवर बाराही गॅप पुन्हा मोजून वहीत लिहा. चार किंवा सहाच्या एक्झॉस्टचा गॅप ०.०५ पेक्षा जास्त वाढलेला असेल तर भरून घाटात नेऊ नका, आधी त्या पुशरॉडची रेघ परत बघा.